‘नो सेशन’ आणि ५७ क्वेऱ्या : लेझी लोडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत भाषा आणि फ्रेमवर्क निरनिराळी आहेत, दुखणं मात्र एकच. ऑब्जेक्ट हातात आहे, पण त्याला जोडलेला दुसरा ऑब्जेक्ट मागितला की कुणाला एरर येते, कुणाला नल मिळतो, तर कुणाच्या लॉगमध्ये क्वेऱ्यांची रांग लागते. म्हणून हा भाग पूर्णपणे लेझी लोडिंगला दिला आहे.

ओआरएम म्हणजे डेटाबेसच्या ओळींचे ऑब्जेक्ट बनवून देणारी लायब्ररी. तिच्याकडे एक सभासद मागितला, तर त्याची सगळी कर्जं, कर्जांचे हप्ते आणि हप्त्यांच्या पावत्या ओआरएम लगेच आणत बसत नाही. त्या जागी प्रॉक्सी, म्हणजे एक पोकळ सोंग उभं करतं आणि त्याला कुणी हात लावला की मगच डेटाबेसकडे जातं. हेच लेझी लोडिंग. तेव्हा तपासाला बसताना दोनच गोष्टी विचारा : हात कुणी लावला, आणि त्या क्षणी सेशन, म्हणजे ओआरएमचं डेटाबेसशी चालू असलेलं संभाषण, उघडं होतं का?

(कोडमधली नावं आम्ही देवनागरीत छापतो, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरावं.)

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंग बूट ३ आणि हायबरनेट हे ओआरएम आहे. सभासदाचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की कर्जांची यादी व्यवस्थित दिसते. पण रात्री थकबाकीचे एसएमएस पाठवणारं शेड्यूल्ड काम चाललं की त्याच यादीवर ‘लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन… नो सेशन’ येतं. मॅपिंग तेच, रिपॉझिटरीही तीच. सहकारी म्हणतात, फेचटाइप ईगर करून टाका, म्हणजे यादी आधीच येईल. करू का?

उत्तर : करू नका. एरर जाईल, पण त्याची किंमत सभासद आणणाऱ्या प्रत्येक पानाला मोजावी लागेल, कर्जांची गरज असो वा नसो.

आधी ब्राउझरमध्ये का चालतं ते पाहू. स्प्रिंग बूटमध्ये ‘स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू’ ही सेटिंग मुळातच चालू असते. ती वेब रिक्वेस्ट सुरू होताच सेशन उघडते आणि उत्तर पाठवून होईपर्यंत उघडं ठेवते. त्यामुळे कंट्रोलरमध्ये किंवा जेसन तयार होताना यादीला हात लागला, तरी मागून क्वेरी जाते. शेड्यूल्ड काम वेब रिक्वेस्टमधून येत नाही, म्हणून तिथे हे छत्र नसतं. रिपॉझिटरीची फाइंड-बाय-आयडी ही मेथड स्वतःपुरती ट्रान्झॅक्शन उघडते आणि परतताना बंद करते. तिच्याबरोबर सेशनही संपतं. तुमच्या हातात उरतो तो सभासद, ज्याच्या कर्जांच्या यादीमागे आता कुणीही नाही.

एररच्या मजकुरातच पत्ता असतो. ‘रोल’ या शब्दापुढे क्लासचं आणि फील्डचं नाव छापलेलं असतं, म्हणजे कुठल्या यादीला हात लागला ते कळतं. मग स्टॅक ट्रेसमध्ये वरून खाली या आणि तुमच्या पॅकेजची पहिली ओळ शोधा. हात तिथे लागला. वरच्या हायबरनेटच्या ओळी वाचण्यात वेळ घालवू नका.

उपाय तीन आहेत. एसएमएसच्या कामाला आम्ही पहिला निवडू.

पहिला : या कामासाठी रिपॉझिटरीत वेगळी मेथड लिहा. तिची क्वेरी अशी : ‘सिलेक्ट एम फ्रॉम मेंबर एम लेफ्ट जॉइन फेच एम.लोन्स व्हेअर…’. यातला ‘लेफ्ट’ विसरू नका. नुसतं जॉइन फेच लिहिलं तर ज्यांच्यावर एकही कर्ज नाही ते सभासद यादीतून गुपचूप गळतात. थकबाकीच्या कामात ते चालून जाईल, पण हीच मेथड उद्या कुणी सभासद मोजायला वापरली तर आकडा चुकेल आणि कारण सापडायला दिवस जाईल. क्वेरी लिहायची नसेल तर @एंटिटीग्राफमध्ये ‘लोन्स’ हा ॲट्रिब्यूट पाथ द्या.

दुसरा : काम करणाऱ्या सर्व्हिस मेथडवर @ट्रान्झॅक्शनल लावा, म्हणजे मेथड संपेपर्यंत सेशन उघडं राहील. यात फसायची जागा एकच, पण अगदी नेहमीची. शेड्यूल्ड मेथडनं त्याच क्लासमधली @ट्रान्झॅक्शनल मेथड बोलावली, तर ट्रान्झॅक्शन उघडतच नाही. स्प्रिंगचं हे काम बीनच्या भोवतीच्या आवरणातून होतं आणि क्लासच्या आतल्या आत केलेली हाक त्या आवरणातून जात नाही. ती मेथड दुसऱ्या सर्व्हिस क्लासमध्ये हलवा. तसंच ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेली असते. @असिंक मेथडला अख्खा सभासद ऑब्जेक्ट दिला तर पलीकडच्या थ्रेडवर पुन्हा तीच एरर येईल. तिथे आयडी द्या आणि ऑब्जेक्ट तिकडेच नव्यानं आणू द्या. शिवाय हजारो सभासद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ओढू नका. दोन-दोनशेच्या तुकड्यांत घ्या आणि दर तुकड्याला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठेवा, नाहीतर सेशनच्या पोटात सगळे ऑब्जेक्ट साठत जातील.

तिसरा : एंटिटीच, म्हणजे टेबलाशी जोडलेला अख्खा ऑब्जेक्टच, आणू नका. एसएमएसला नाव, मोबाइल आणि थकीत रक्कम एवढंच लागतं. तेवढे तीन कॉलम एखाद्या रेकॉर्डमध्ये थेट निवडा. प्रॉक्सीच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला. फक्त वाचायच्या कामाला हा उपाय बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडतो, तरी लोक त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळतात.

इंटरनेटवर चौथा उपायही भेटेल : ‘हायबरनेट.इनेबल_लेझी_लोड_नो_ट्रान्स’ ट्रू करा. एका ओळीत एरर गायब होते खरी, पण सेशनबाहेर लागलेल्या प्रत्येक हातासाठी हायबरनेट तात्पुरतं सेशन उघडतं, डेटाबेसचं कनेक्शन घेतं आणि एक क्वेरी मारून बंद करतं. यादी मोठी असेल तर कनेक्शन पूलच कोरडा पडतो. ही सेटिंग कुणी आधीच लावली असेल तर काढा.

प्रश्न : मग ओपन-इन-व्ह्यू बंदच करावं का? ॲप सुरू होताना त्याबद्दल वॉर्निंग येते.

उत्तर : नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी बंद करा. हे छत्र चालू असताना रिक्वेस्टनं एकदा घेतलेलं कनेक्शन उत्तर जाईपर्यंत तिच्याच हातात राहतं. मधे तुम्ही एखाद्या पेमेंट गेटवेला हाक मारली आणि त्यानं चार सेकंद घेतले, तर ती चार सेकंद कनेक्शन रिकामं बसून राहतं. हिकारीच्या, म्हणजे स्प्रिंग बूटच्या कनेक्शन पूलमध्ये न सांगता १० कनेक्शनं असतात आणि ती संपली की अकरावी रिक्वेस्ट ३० सेकंद वाट पाहून एरर देते. डेटाबेस निवांत आणि ॲप अडकलेलं, असं दिसलं तर आधी हेच तपासा.

चालत्या जुन्या ॲपमध्ये मात्र थेट लाइव्हवर बंद करू नका. टेस्ट सर्व्हरवर बंद करून एकेक पान उघडा. जिथे ‘नो सेशन’ येईल ती तुमच्या दुरुस्तीची यादी.

प्रश्न : ५० सभासदांच्या यादीचं पान उघडायला वेळ लागतो. लॉगमध्ये मोजल्या तर ५७ क्वेऱ्या निघाल्या. पानावर सभासदाचं नाव, शाखेचं नाव आणि कर्जांची संख्या एवढंच आहे. शाखेचं मॅपिंग ईगर असूनही तिच्या वेगळ्या क्वेऱ्या जातात, हे विशेष.

उत्तर : तुमचा आकडा बरोबर फोड करून देतो. सभासदांची यादी १, प्रत्येकाच्या कर्जांची एकेक म्हणजे ५०, आणि शाखा ६. बेरीज ५७. शाखेच्या ५० न होता ६ झाल्या, कारण सेशन एकदा आणलेली ओळ लक्षात ठेवतं. तुमच्या यादीत सहाच वेगवेगळ्या शाखा असणार. एका यादीमागे तिच्या दर ओळीसाठी अशी जादा क्वेरी जाणं, यालाच ‘एन प्लस वन’ म्हणतात. विकास करताना तो दिसत नाही, कारण तुमच्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो आणि यादीत पाचच सभासद असतात. सर्व्हर आणि डेटाबेस वेगळ्या मशीनवर गेले की दर क्वेरीची ये-जा वाढते.

ईगरबद्दलचा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. जेपीएमध्ये (जावातल्या ओआरएमचं प्रमाण, हायबरनेट तेच पाळतं) @मेनीटूवन आणि @वनटूवन हे काही न लिहिता ईगर असतात, @वनटूमेनी आणि @मेनीटूमेनी लेझी. पण ईगर म्हणजे ‘जॉइन करून आण’ असं नव्हे. ‘परत देण्यापूर्वी आणलेलं असलं पाहिजे’ इतकंच. फाइंड-बाय-आयडीनं एक सभासद मागितला तर हायबरनेट स्वतः जॉइन करतं. पण तुम्ही जेपीक्यूएल, म्हणजे जेपीएच्या क्वेरीभाषेत, क्वेरी लिहिलीत, तर तुमचीच क्वेरी आधी जशीच्या तशी चालवली जाते. शाखा तीत नाही म्हटल्यावर दिलेला शब्द पाळायला हायबरनेट शाखांच्या क्वेऱ्या वेगळ्या मारतं. म्हणून ईगर ठेवून एन प्लस वन सुटत नाही, उलट तो न मागताही घडतो. सर्व @मेनीटूवनवर ‘फेच = लेझी’ स्पष्ट लिहा. काय आणायचं ते क्वेरीनं ठरवावं, मॅपिंगनं नव्हे.

तुमच्या पानासाठी दोन गोष्टी करा. शाखा ही एकेरी बाजू आहे, जॉइन केल्यानं ओळी वाढत नाहीत, म्हणून ती क्वेरीत ‘जॉइन फेच एम.ब्रँच’ करून आणा. कर्जांसाठी ‘हायबरनेट.डीफॉल्ट_बॅच_फेच_साइझ’ २५ ठेवा. मग पहिल्या सभासदाच्या कर्जांना हात लागताच हायबरनेट आणखी २४ जणांची कर्जं ‘इन’ यादी करून एकाच फेऱ्यात आणतं. हिशेब असा : यादी आणि शाखा मिळून १, कर्जं २. सत्तावन्नच्या तीन. शाखेचा जॉइन न करता फक्त बॅच साइझ लावलीत तरी १, २ आणि १ अशा चार होतात. जुन्या, पसरलेल्या कोडमध्ये एका ओळीत इतका फरक पाडणारी दुसरी सेटिंग आमच्या माहितीत नाही.

आणि खरं तर तुम्हाला कर्जं नकोच आहेत, त्यांची संख्या हवी आहे. ‘एम.लोन्स.साइझ’ असं जावात विचारलं की अख्खी यादी भरून येते आणि मग मोजली जाते. काउंट आणि ग्रुप बाय क्वेरीतच करा.

मोजणीसाठी ‘शो-एसक्यूएल’ लावू नका. ते लॉगरला वळसा घालून सरळ कन्सोलवर ओततं. ‘ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल’ या लॉगरची पातळी डीबग करा आणि ‘हायबरनेट.जनरेट_स्टॅटिस्टिक्स’ चालू ठेवा. सेशन बंद होताना किती स्टेटमेंटं गेली याचा आकडा लॉगमध्ये येतो. लाइव्ह सर्व्हरवर मात्र हे दोन्ही बंद.

प्रश्न : जॉइन फेच लावलं, पान झटपट आलं. पुढे पेजिंग जोडलं, तर आता सर्व्हरची मेमरी भरते. लॉगमध्ये ‘अप्लाइंग इन मेमरी’ अशी वॉर्निंग दिसते.

उत्तर : जॉइननं ओळींचा गुणाकार होतो, तिथे हे अडतं. समजा दर कर्जाला १२ हप्ते आहेत आणि पानावर २० कर्जं हवीत. जॉइननंतर त्यांच्या २४० ओळी होतात. डेटाबेसला ‘लिमिट २०’ सांगितलं तर तो २० ओळी देईल; त्यात एक कर्ज पूर्ण आणि दुसरं अर्धवट. असं चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हायबरनेट लिमिटच काढून टाकतं, सगळं टेबल मेमरीत आणतं आणि तिथे २० मोजून देतं. उत्तर बरोबर असतं, म्हणूनच चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन टप्प्यांत करा. पहिल्या क्वेरीत फक्त कर्जांचे आयडी, क्रम आणि पेजिंग; जॉइन फेच नाही. दुसऱ्या क्वेरीत ‘लेफ्ट जॉइन फेच एल.इन्स्टॉलमेंट्स व्हेअर एल.आयडी इन’ आणि ते २० आयडी. ऑर्डर बाय दुसऱ्या क्वेरीतही पुन्हा लिहा, कारण ‘इन’च्या यादीचा क्रम डेटाबेस पाळत नाही. इतकी यातायात नको असेल तर जॉइन फेच काढून बॅच साइझवर सोपवा. २० कर्जांना एक जादा क्वेरी जाईल, बस. ‘हायबरनेट.क्वेरी.फेल_ऑन_पेजिनेशन_ओव्हर_कलेक्शन_फेच’ ट्रू केलंत तर पुढच्या वेळी वॉर्निंगऐवजी थेट एक्सेप्शन येईल. वॉर्निंग कोण वाचतं?

याच गावात आणखी दोन खड्डे आहेत. दोन लिस्ट एकदम जॉइन फेच केल्या की ‘मल्टिपलबॅगफेचएक्सेप्शन’ येतं. लिस्टच्या जागी सेट केलं की ते जातं, म्हणून तोच उपाय सगळीकडे सांगितला जातो. पण गुणाकार तसाच राहतो : एका सभासदाची ३० कर्जं आणि ४० पावत्या म्हणजे डेटाबेसकडून १,२०० ओळी. सेटनं फक्त तुमच्या डोळ्यांआड केल्या. एक यादी जॉइननं आणा, दुसरी वेगळ्या क्वेरीनं.

दुसरा खड्डा जास्त वाईट. ‘जॉइन फेच एम.लोन्स एल व्हेअर एल.स्टेटस = …’ असं लिहिलं की सभासदाच्या ऑब्जेक्टमध्ये फक्त चालू कर्जं भरली जातात आणि पुढचा कोड त्यांनाच ‘सगळी कर्जं’ समजतो. फेच केलेल्या यादीवर व्हेअर लावू नका. गाळलेली कर्जं हवीत तर क्वेरी कर्जापासून सुरू करा.

प्रश्न : सभासद आणि वारसदार असं @वनटूवन आहे. सभासदाच्या बाजूला लेझी लिहिलंय, तरी दर सभासदामागे वारसदाराची क्वेरी जाते.

उत्तर : फॉरेन की वारसदाराच्या टेबलात आहे, सभासदाच्या बाजूला ‘मॅप्डबाय’. सभासदाची ओळ वाचून वारसदार आहे की नाही हेच कळत नाही, असल्यास त्याचा आयडीही कळत नाही. नल ठेवायचा की प्रॉक्सी, हे ठरवायला हायबरनेटला विचारायला जावंच लागतं, आणि गेलंच आहे तर ओळ घेऊन येतं. यादीच्या बाबतीत असं होत नाही, कारण रिकामी यादीसुद्धा यादीच असते.

वारसदाराच्या बाजूला @मॅप्सआयडी लावून दोघांचा आयडी एकच करा आणि सभासदातलं उलटं फील्ड काढून टाका. वारसदार हवा असेल तेव्हा त्याच आयडीनं मागा. फील्ड ठेवायचंच असेल तर बिल्डमध्ये हायबरनेटचं बाइटकोड एन्हान्समेंट प्लगइन लावून त्यात लेझी इनिशियलायझेशन चालू करावं लागतं.

प्रश्न : डीबगर लावला की एरर येत नाही, काढला की येते. वेडं व्हायची पाळी आली आहे.

उत्तर : डीबगरनंच हात लावला. व्हेरिएबलच्या खिडकीत ऑब्जेक्ट दाखवायला तो टूस्ट्रिंग किंवा साइझ बोलावतो. ब्रेकपॉइंटवर सेशन उघडं असतं, त्यामुळे यादी भरते आणि पुढे सगळं सुरळीत. आयडीईच्या डीबगर सेटिंगमध्ये टूस्ट्रिंगनं ऑब्जेक्ट दाखवणं बंद करा, किंवा डीबगर सोडून लॉग वाचा.

असाच लपलेला हात लोम्बॉकचा, म्हणजे गेटर-सेटरसारखा कोड आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीचा. एंटिटीवर @डेटा लावलं की सगळ्या फील्डांवरून टूस्ट्रिंग, इक्वल्स आणि हॅशकोड तयार होतात. एक साधी लॉगची ओळ लिहिली तरी कर्जं ओढली जातात. कर्जात पुन्हा सभासद असेल तर स्टॅकओव्हरफ्लो. एंटिटीवर @डेटा नको, गेटर-सेटर वेगळे घ्या. इक्वल्स स्वतः लिहिताना समोरच्याचा आयडी गेटरनंच वाचा. समोर प्रॉक्सी असेल तर तिची स्वतःची फील्डं रिकामीच असतात आणि ‘अदर.आयडी’ नल देतो. क्लास तपासायचा असेल तर आधी ‘हायबरनेट.अनप्रॉक्सी’.

प्रश्न : फास्टएपीआय आणि एसक्यूएलअल्केमी २, असिंक सेशन. कमिट केल्यावर ऑब्जेक्ट परत पाठवताना ‘मिसिंगग्रीनलेट’ येतं. सिंक कोडमध्ये पूर्वी ‘डिटॅच्डइन्स्टन्सएरर’ यायचा, तोच का हा?

उत्तर : भाऊबंद आहेत, एकच नव्हेत. डिटॅच्ड म्हणजे ऑब्जेक्टचं सेशनशी नातंच तुटलं आहे. मिसिंगग्रीनलेटमध्ये सेशन शाबूत असतं, पण नुसत्या डॉटनं ॲट्रिब्यूट वाचताना आतून डेटाबेसकडे जावं लागलं आणि त्या जागी अवेट नाही. असिंकमध्ये असा चोरटा प्रवास चालत नाही. तुमच्याकडे हात लावणारा बहुधा पायडँटिक, म्हणजे फास्टएपीआय वापरतं ती डेटा तपासणारी लायब्ररी, आहे. उत्तराचा मॉडेल भरताना तो प्रत्येक फील्ड वाचतो.

क्रमानं तपासा. पहिलं, ‘एक्स्पायर_ऑन_कमिट’. हे मुळात ट्रू असतं, म्हणजे कमिट होताच ऑब्जेक्टचे साधे कॉलमसुद्धा शिळे ठरतात आणि पुढच्या वाचनाला पुन्हा क्वेरी लागते. ‘असिंक_सेशनमेकर’मध्ये ते फॉल्स करा. दुसरं, नातं. क्वेरीला ‘ऑप्शन्स’मध्ये यादीसाठी ‘सिलेक्टइनलोड’ आणि एकेरी नात्यासाठी ‘जॉइन्डलोड’ द्या. यादीवर जॉइन्डलोड वापरलंत तर निकालावर ‘युनिक’ बोलवावं लागतं, नाहीतर २.० मध्ये एरर येते. तिसरं, नुकताच बनवलेला ऑब्जेक्ट. ‘ऑर्डर’ तयार करताना ‘आयटम्स’ला काहीच दिलं नसेल, तर साठवल्यावर ती यादी वाचताना लेझी क्वेरी जाते, जरी आपल्याला माहीत असलं की ती रिकामी आहे. तयार करतानाच ‘आयटम्स’ला रिकामी यादी द्या. चौथं, ‘अपडेटेड_ॲट’सारखा कॉलम, ज्याची किंमत बदल होताना डेटाबेस भरतो. अपडेटनंतर त्याची नवी किंमत पायथनकडे नसते. मॅपरमध्ये ‘ईगर_डीफॉल्ट्स’ ट्रू करा, किंवा अवेट करून ‘रिफ्रेश’ बोलवा आणि ‘ॲट्रिब्यूट_नेम्स’मध्ये हवी ती नावं द्या.

चोरटा हात कुठला हे सापडत नसेल तर त्या रिलेशनशिपवर ‘लेझी’ची किंमत ‘रेझ’ ठेवा. मग ग्रीनलेटच्या गूढ मजकुराऐवजी नात्याचं नाव घेऊन एरर येते.

प्रश्न : जँगोमध्ये प्रीफेच_रिलेटेड लावलं आहे, तरी लूपमध्ये क्वेऱ्या जातातच.

उत्तर : लूपमध्ये ‘.फिल्टर’ किंवा ‘.ऑर्डर_बाय’ असणार. प्रीफेचनं आणून ठेवलेला साठा फक्त ‘.ऑल’साठी उपयोगी पडतो. फिल्टर म्हणजे नवी क्वेरी, जँगो ती साठ्यातून गाळून देत नाही. ‘प्रीफेच’ ऑब्जेक्ट वापरा, त्याला गाळलेला क्वेरीसेट द्या आणि ‘टू_ॲट्र’मध्ये ‘ओपन_लोन्स’सारखं वेगळं नाव द्या. लूपमध्ये ते नाव वापरा. ती साधी लिस्ट असते. ‘टू_ॲट्र’ न देता गाळलंत तर ‘.ऑल’ अर्धी यादी देईल, म्हणजे वर हायबरनेटमध्ये सांगितलेला दुसरा खड्डा इथेही आहेच.

फॉरेन की आणि एकास एक नात्यांना ‘सिलेक्ट_रिलेटेड’, उलट दिशेच्या आणि मेनी-टू-मेनी नात्यांना प्रीफेच. नुसता आयडी हवा असेल तर ‘लोन.मेंबर.आयडी’ लिहू नका, ‘लोन.मेंबर_आयडी’ लिहा. पहिल्यात सभासदाची ओळ येते. दुसऱ्यात आयडी कर्जाच्याच ओळीत आहे. एका ठिपक्याच्या जागी अंडरस्कोर, आणि शंभर ओळींच्या यादीत शंभर क्वेऱ्या वाचतात. ‘.इटरेटर’ वापरत असाल तर ४.१ च्या आधी तो प्रीफेचकडे सरळ दुर्लक्ष करायचा. त्यानंतर ‘चंक_साइझ’ दिली की पाळतो.

प्रश्न : एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ‘ऑर्डर.कस्टमर’ कधी भरलेला मिळतो, कधी नल. कोड तोच.

उत्तर : ईएफ कोअरमध्ये लेझी लोडिंग मुळात बंद असतं, जुन्या ईएफ ६ वरून आलेल्यांना हा पहिला धक्का. ‘इन्क्लूड’ केलं नाही तर कस्टमर नल. मग कधी कधी भरलेला का? त्याच डीबीकाँटेक्स्टनं तोच कस्टमर आधी दुसऱ्या कुठल्या क्वेरीत आणलेला असेल, तर तो दोघांची गाठ स्वतःहून बांधून देतो. कोडचा क्रम बदलला की गाठ सुटते. या योगायोगावर विसंबू नका, इन्क्लूड लिहा. एकाहून जास्त याद्या इन्क्लूड करत असाल तर ‘ॲजस्प्लिटक्वेरी’ जोडा, म्हणजे ओळींचा गुणाकार टळतो.

लेझी हवंच असेल तर प्रॉक्सीजचं पॅकेज घ्या, ‘यूजलेझीलोडिंगप्रॉक्सीज’ बोलवा आणि नेव्हिगेशन प्रॉपर्टी ‘व्हर्च्युअल’ करा. क्लास ‘सील्ड’ नको. त्यानंतर एसक्यूएल सर्व्हरवर ‘ओपन डेटारीडर’ची एरर आली तर समजा की क्वेरीवर फोरईच चालू असतानाच आत लेझी क्वेरी निघाली. आधी ‘टूलिस्टअसिंक’नं निकाल पूर्ण वाचून घ्या.

प्रश्न : हे सगळं लाइव्हवर जाण्याआधी टेस्टमध्ये पकडायचं कसं? आमच्या टेस्ट हिरव्याच असतात.

उत्तर : क्वेऱ्या मोजणारी टेस्ट लिहा. जँगोत ‘असर्टनमक्वेरीज’ तयार आहे. हायबरनेटमध्ये स्टॅटिस्टिक्समधून ‘गेट-प्रिपेअर-स्टेटमेंट-काउंट’ घ्या. ‘तीन क्वेऱ्या’ असा ठरावीक आकडा लिहिण्यापेक्षा तेच पान ५ आणि १० ओळींवर चालवून दोन्ही आकडे सारखे येतात का ते तपासा. कोड बदलला तरी ती टेस्ट उगाच मोडत नाही. बॅच साइझ वापरत असाल तर ओळी तिच्याहून कमी ठेवा. रेल्समध्ये ‘स्ट्रिक्ट_लोडिंग’ आणि लाराव्हेलमध्ये ‘प्रिव्हेंटलेझीलोडिंग’ लावलं की न सांगता गेलेल्या लेझी क्वेरीवर थेट एरर मिळते. लाराव्हेलचं ते लाइव्ह सोडून बाकी ठिकाणी चालू ठेवतात.

हिरव्या टेस्टचं कारण बहुधा असं : टेस्ट क्लासवरच @ट्रान्झॅक्शनल आहे. त्यामुळे सेशन टेस्टभर उघडं राहतं आणि ‘नो सेशन’ यायला जागाच उरत नाही. शिवाय टेस्टनं स्वतः साठवलेले ऑब्जेक्ट त्याच सेशनमध्ये पडून असतात, म्हणून क्वेऱ्याही जात नाहीत. मोजणीच्या टेस्टमध्ये डेटा भरून झाल्यावर एंटिटी मॅनेजरला ‘फ्लश’ आणि मग ‘क्लिअर’ करा. ‘नो सेशन’च्या टेस्टवरून @ट्रान्झॅक्शनल काढा आणि भरलेला डेटा शेवटी हातानं पुसा. आणि टेस्टचे सगळे सभासद एकाच शाखेत घालू नका. पाच जण, पाच शाखा. एकच शाखा असली की एन प्लस वन असूनही शाखेची क्वेरी एकदाच जाते आणि टेस्ट पुन्हा हिरवी.